आठ मैलांना अकरा दिवस

मुलुंडहून पूर्वेस चालत गेले की मिठागरे लागतात. मिठागरे संपली की खाडी. ही खाडी ठाण्यावरून वर जाते, वळसा घेते आणि घोडबंदरावरून वसईजवळ समुद्रास मिळते. म्हणजे आपण बेटावर राहतो. पूल झाले, आगगाडी आली, म्हणून ते आता ध्यानात येत नाही. या बेटाचे जुने नाव साष्टी. येथे सहासष्ट गावे होती म्हणून साष्टी, असे सांगतात.

या साष्टीचा धनी पंचेचाळीस वर्षांत दोनदा बदलला. इ. स. १७३७ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. मग मराठे आले. १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. १७७९ साली साष्टी परत मराठ्यांच्या हाती येण्याची वेळ आली होती, पण आली नाही. शेवटी १७८२ साली ती कायमची इंग्रजांकडे गेली. ही सारी उलथापालथ शौर्याने झाली असे आपण ऐकतो. शौर्य होतेच. पण सेनापतींच्या चुकाही होत्या, आणि त्यांचा वाटा लहान नव्हता.

सेनापती म्हणजे फौजेचा मुख्य. शेतकरी चुकला तर त्याचे एक पीक बुडते. सेनापती चुकला तर हजारो माणसे चुकीच्या वाटेने चालू लागतात, कारण त्यांना हुकूम मानावाच लागतो.

आधी पोर्तुगीजांचे पाहू. आपल्याकडे त्यांना फिरंगी म्हणत. १५३४ पासून वसई आणि साष्टी त्यांच्या ताब्यात होती. दोनशे वर्षे सत्ता राहिली की माणूस निर्धास्त होतो. ठाणे हे साष्टीचे दार. खाडीच्या पलीकडे कल्याण आणि भिवंडीपर्यंत मराठे येऊन ठेपले होते. तरी ठाण्याला भक्कम किल्ला नव्हता. उशिरा शहाणपण सुचले आणि बांधायला काढला. पाऊस तोंडावर यावा आणि घर शाकारायचे राहावे, तशी गत झाली. १७३७ च्या मार्च महिन्यात मराठे रात्रीच्या वेळी खाडी उतरून आले, तेव्हा किल्ल्याचे काम अपुरेच होते. ठाणे पडले. मागोमाग साष्टीचा बहुतेक भाग गेला.

या स्वारीत अणजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांची मोठी मदत झाली. अणजूर हे भिवंडीकडचे गाव. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, गाळ कोठे, पाणी उथळ कोठे, हे खाडीकाठच्या माणसालाच ठाऊक असते. मराठ्यांनी त्या माणसांना विचारले.

पुढल्या वर्षी, १७३८ साली, पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्यासाठी जोराचा हल्ला केला. त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो स्वतः गलबतांतून पुढे आला. मराठ्यांच्या तोफेचा गोळा लागून तो ठार झाला. मुख्यच पडल्यावर बाकीचे मागे फिरले. धाडस चांगले, पण सेनापतीने आपला जीव किती पुढे घालावा यालाही मर्यादा असते. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे आपलाही एक सरदार असाच पडला, ते सांगायचे आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेथे सुरुंग लावून तट उडवावा लागला आणि मराठ्यांची फार माणसे कामास आली. किल्ला हाती आल्यावर चिमाजी अप्पांनी आतल्या फिरंग्यांना बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले. वसईची हकीकत मोठी आहे. तिला वेगळा पाठ पाहिजे.

साष्टी सदतीस वर्षे मराठ्यांकडे राहिली. मग पुण्यास घरातच आग लागली. १७७३ च्या ऑगस्टमध्ये पेशवे नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव, ज्यांना राघोबादादा म्हणतात, ते गादीवर बसले. पण नाना फडणीस आणि इतर कारभारी त्यांच्या विरुद्ध उभे राहिले. राघोबादादा मदतीसाठी इंग्रजांकडे वळले. इंग्रज तेव्हा मुंबई बेटावर होते आणि साष्टीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता. चुलत्या-पुतण्यांच्या घरात भांडण लागले की शेजाऱ्याचा बांध सरकतो, हे गावात आपण पाहतोच. १७७४ च्या डिसेंबर महिन्यात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. आतल्या मराठी शिबंदीची मोठी कत्तल झाली. इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसन हाही या लढाईत जखमी होऊन मेला.

आता मुख्य हकीकत.

१७७८ साली मुंबईच्या इंग्रजांनी ठरवले की राघोबादादांना पुण्यास नेऊन गादीवर बसवायचे. नोव्हेंबर महिन्यात फौज निघाली. सुमारे चार हजार शिपाई, काही गोरे, बाकीचे देशी. तोफा उत्तम. कवायत उत्तम. खाडी ओलांडून पनवेलकडून खोपोली, तेथून बोरघाट चढून खंडाळा, मग कार्ले, तळेगाव, पुणे अशी वाट. आज पुण्याची गाडी जवळपास याच वाटेने जाते आणि तीन-चार तासांत पोचते.

पहिली चूक निघण्याआधीच झाली. फौजेवर एक धनी नेमला नाही. तिघांची समिती नेमली. कार्नाक, मॉस्टिन आणि कर्नल एगर्टन. एगर्टन हा लष्करी मुख्य, पण तो नुकताच विलायतेहून आला होता. या देशातल्या लढाईची त्याला माहिती नव्हती आणि प्रकृतीही धड नव्हती. कार्नाक आणि एगर्टन यांच्यात मान कोणाला किती मिळावा यावरून कुरबुर सुरू झाली. शिपायांनी कार्नाकला सलामी द्यावी की न द्यावी, हासुद्धा वादाचा विषय झाला! मॉस्टिन पूर्वी पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता. मराठ्यांची माणसे त्याला ठाऊक होती. तोच वाटेत आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. म्हणजे ज्याला माहिती होती तो गेला आणि ज्यांना नव्हती ते राहिले.

कॅप्टन स्टुअर्ट नावाचा एक हुशार अधिकारी आघाडीस होता. त्याने नोव्हेंबरातच थोडी माणसे घेऊन घाटमाथा गाठला. मुख्य फौज त्याच्या पाठोपाठ गेली असती तर? पण मुख्य फौज वर पोचली २३ डिसेंबरला. सुमारे महिना गेला. तोफा चढवायला घाटात रस्ता करावा लागला हे खरे. पण पुढे रस्ता सपाट होता, तेथे काय झाले ते पाहा. खंडाळ्याहून कार्ले सुमारे आठ मैल. त्याला फौजेला अकरा दिवस लागले.

आठाला अकरांनी भागा. रोजचा पाऊण मैलही भरत नाही. मुलुंडहून ठाण्याला टोपली घेऊन चालत जाणारी बाई जे अंतर तासाभराच्या आत तोडते, तेवढ्याला या फौजेने दोन दिवस घेतले असते.

असे का झाले? फौजेबरोबर १९ हजार बैल होते. होय, एकोणीस हजार. शिपाई चार हजार आणि बैल एकोणीस हजार. त्यांवर शिधा, तंबू, दारूगोळा आणि साहेबांचे सामानसुमान. बैलांमागे हाकणारे, त्यांच्यामागे नोकरचाकर. लढाईत काही कामाचे नाहीत आणि पोट मात्र सर्वांना, अशा लोकांना जुन्या भाषेत बाजारबुणगे म्हणतात. एवढे लटांबर पुढे जायचे तर त्याच्या दोन्ही बाजूंस पहारा पाहिजे. मराठ्यांचे घोडेस्वार आसपास घिरट्या घालीत होते. भिवराव पानसे यांच्या तोफा मधूनमधून मारा करीत होत्या. समोर उभे राहून लढायचे नाही, पण सुखाने चालूही द्यायचे नाही, असा डाव होता.

हा डाव मराठ्यांना चांगला समजला होता, कारण तीच चूक त्यांनी स्वतः अठरा वर्षांपूर्वी केली होती. १७६१ चे पानिपत. सदाशिवरावभाऊंच्या लष्कराबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून आला आणि दक्षिणेकडची वाट अडवून बसला. अडीच महिने लष्कर पानिपतास अडकले. रसद तुटली, माणसे-जनावरे उपाशी मरू लागली. शेवटी १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी पोटी लढाई दिली आणि सर्वनाश झाला. भाऊ शूर नव्हते असे कोण म्हणेल? पण शूर माणसाने एवढे ओझे पाठीवर घेऊन इतक्या दूर जायला नको होते, असे मला वाटते.

त्या रणातून जीव घेऊन निसटलेल्यांत दोन तरुण होते. एक महादजी शिंदे. त्यांच्या पायाला तेथे अशी जखम झाली की ते जन्मभर लंगडत चालले. दुसरे नाना फडणीस. १७७९ साली इंग्रजांविरुद्ध मराठ्यांचा कारभार हाच दोघांच्या हाती होता. बोरघाटातून १९ हजार बैल चढताना पाहिले तेव्हा पुढे काय होणार हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. मराठे त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणत. फाकडा म्हणजे बेधडक, शूर. शत्रूलाही आपल्या लोकांनी असे नाव दिले, ही गोष्ट मला आवडते. वडगावला त्याची समाधी दाखवतात. दोन दिवसांनी एगर्टन आजारामुळे बाजूला झाला आणि कारभार कर्नल कॉकबर्नकडे आला. ऐन मोहिमेत धनी बदलला.

इंग्रजांची आणखी एक मोठी मदार राघोबादादांच्या शब्दावर होती. आपण घाट चढून गेलो की मराठे सरदार आपणास येऊन मिळतील, अशी आशा होती. पुण्यातील आणि मावळातील हवा काय आहे याचा शोध इंग्रजांनी स्वतः नीट घेतला नाही. मोठा असा एकही सरदार आला नाही.

९ जानेवारीला फौज तळेगावास पोचली. पाहते तो गाव ओस. माणसे निघून गेलेली. घरे जाळलेली. दाणा नाही, वैरण नाही. मराठ्यांनीच ही व्यवस्था केली होती. वेळ पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणे शहरही जाळायची तयारी ठेवली होती.

पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेले असते. पण तुम्ही जरा थांबून विचार करा. जळाले ते छप्पर कोणाचे? जानेवारीचे दिवस. भात झोडून झालेले, कणगीत भरलेले. वर्षाचा पोटाचा आधार. तो टाकून, म्हातारी माणसे आणि गुरे घेऊन डोंगराकडे निघायचे. कारभाऱ्यांचा डाव चांगला होता आणि तो साधला. पण त्याची किंमत आधी मावळातल्या शेतकऱ्याने भरली. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लिहिता येणारे तेव्हा गावात होतेच किती?

तळेगावास इंग्रज सेनापतींनी सर्वांत मोठी चूक केली. पुणे अठरा-वीस मैलांवर राहिले होते. शिपायांपुरता शिधा अजून अठरा दिवसांचा शिल्लक होता. पुढे जाता आले असते. आहे तेथेच पाय रोवून बोलणी करता आली असती. पण कार्नाक आणि कॉकबर्न यांचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री परत फिरायचे ठरले. जड तोफा तळ्यात ढकलल्या. जादा सामान पेटवून दिले. रात्री अकराच्या सुमारास फौज निघाली.

आता पाहा हं. गुपचूप निघायचे आणि निघताना सामानाला आग लावायची! माघार अंधारात लपायला हवी होती. मध्यरात्र उलटल्यावर मराठ्यांनी आघाडीवर हल्ला केला, मग पिछाडीवर. जी फौज तोफा ओढीत आली होती तिच्याजवळ आता मोठ्या तोफाच नव्हत्या. पिछाडीला कॅप्टन हार्टले नावाचा अधिकारी होता. त्याने आणि त्याच्या देशी शिपायांनी रात्रभर आणि सकाळी नेटाने तोंड दिले, म्हणून फौज पार बुडाली नाही. कशीबशी ती वडगावला आली. वडगाव तळेगावपासून आगगाडीचे एकच स्टेशन. एवढ्या वाटेत तीनशेवर माणसे मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली. वडगावात बाजारबुणगे शिपायांच्या रांगांत घुसले आणि सारा गोंधळ झाला.

हार्टलेचे म्हणणे पडले की अजून लढत लढत घाटापर्यंत जाता येईल. वरच्यांनी ऐकले नाही. चारी बाजूंनी मराठे होते. इंग्रजांनी बोलणी लावली आणि जानेवारीच्या मध्यास वडगावचा तह झाला. तह म्हणजे दोन राज्यांमधला करार. त्यात कबूल केले की साष्टी, ठाणे आणि गुजरातेत अलीकडे घेतलेला मुलूख मराठ्यांना परत द्यायचा. बंगालकडून जनरल गॉडर्डची फौज येत होती, ती परत पाठवायची. दोन इंग्रज अधिकारी ओलीस ठेवायचे. राघोबादादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. कंपनीने पुढे कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांनाही नोकरीतून काढले.

मग साष्टी परत का आली नाही?

येथे चूक आपल्या बाजूची झाली. माझे मत सांगतो, तुम्हांला पटले तर घ्या. कोंडलेली फौज हातात होती तोवर मराठ्यांचा शब्द चालत होता. साष्टी आणि ठाण्याचा किल्ला प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत ती सोडायला नको होती. पण कागदावर सह्या झाल्या आणि फौज घाट उतरून गेली. मुंबईस पोचल्यावर इंग्रज म्हणाले, समितीला असा तह करण्याचा अधिकारच नव्हता. हा कागद आम्हांस बंधनकारक नाही. गहाणाची जमीन नावावर चढण्याआधी सावकाराला पावती लिहून द्यावी, तसे झाले. गॉडर्डही परत गेला नाही. तो फेब्रुवारीत सुरतेस येऊन दाखल झाला.

दुसरी गोष्ट राघोबादादांची. त्यांना झाशीकडे पाठवायचे ठरले. पहारा ढिला होता. वाटेत नर्मदेच्या आसपास ते निसटले आणि थेट सुरतेस गॉडर्डकडे गेले. म्हणजे वडगावला मिळालेल्या दोन मोठ्या गोष्टी, एक कागद आणि एक माणूस, दोन्ही त्याच वर्षी हातच्या गेल्या.

१७८० च्या डिसेंबरात गॉडर्डने वसई घेतली. त्याच सुमारास वज्रेश्वरीच्या बाजूस दुगाडजवळ लढाई झाली. मराठ्यांचा सरदार रामचंद्र गणेश याने १२ डिसेंबरला दाट धुक्यात इंग्रजांच्या जागेवर चाल केली. धुके असेतो हल्ला लपला होता. धुके विरले आणि मराठे तोफांच्या समोर उघडे पडले. रामचंद्र गणेश स्वतः पुढे होता. तो मारला गेला आणि फौज पांगली. मघाशी पेद्रो द मेलोची गोष्ट सांगितली ती याचसाठी. समोरच्या इंग्रज फौजेचा अधिकारी कोण होता? वडगावचा तोच हार्टले. दोन वर्षांपूर्वी ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याच्या हाती आता अंमल होता.

पण शहाणपण इंग्रजांनाही पुरले नाही. १७८१ च्या फेब्रुवारीत गॉडर्ड पुन्हा बोरघाट चढून बसला. तोच घाट. आपण पुण्यावर चालून जाऊ या भीतीने नाना फडणीस नमतील, असे त्याला वाटले. नाना नमले नाहीत. गॉडर्ड बोलण्यांत वेळ घालवीत राहिला आणि खाली पनवेलकडून येणारी त्याची रसद मराठे मारीत राहिले. एप्रिलात त्याला उतरावे लागले. उतरताना घाटात आणि खालच्या झाडीत त्याची चारशेवर माणसे पडली.

दोन्ही बाजू थकल्या. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. तो महादजी शिंद्यांनी घडवून आणला. बहुतेक मुलूख मराठ्यांना परत मिळाला, वसईसुद्धा. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली, ती १९४७ पर्यंत. ठाण्याचा तो किल्ला, फिरंग्यांनी अपुरा ठेवलेला आणि मराठ्यांनी पुरा केलेला, अजून उभा आहे. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्याच्या तटाच्या आत आजही ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.